हरवला

गटशिक्षण कार्यालयातून फॉर्म आलाय, कानडीत,
खाली बारीक अक्षरांत कुणीतरी मराठी केलेलं.
विद्यार्थ्याचे नाव.
पालकांचा स्वभाव: कडक, प्रेमळ, दुर्लक्ष करणारे.
वर्गातील वातावरण: चांगले, बरे, सुधारणा हवी.
एकावरच खूण करावी.
तीन वाजलेत. तिसऱ्या गेटातून मालगाडी चाललीय
आणि अनगोळच्या आमच्या शाळेच्या खिडक्या
थंडीतल्या दातांसारख्या वाजतायत.

तन्मेश हलगेकर, नववी ब.
ह्यानं शिवलिंग करडीगुद्दीची वही
मुतारीत टाकली, तीन वेळा.
चौथ्यांदा दप्तरच.

वडील आले, उद्यमबागेतून, फाउंड्रीतली पाळी सोडून.
मनगटावर ठिणग्यांचे जुने ठिपके,
चपला दाराबाहेर.
"चामडी तुमची टीचर, हाडं तेवढी आमची ठेवा."
बोलता बोलता त्यांचा हात वर गेला,
कपाळावरचा घाम पुसायला, नुसता घाम,
तर तन्मेशची मान खांद्यांत गेली.
डोळे मिटले. डावा कान आधी झाकला.

ती मान मी ओळखली.
रोज दुसऱ्या बाकावर बघते मी ती,
फक्त तिथं ती शिवलिंगची असते.

आईला फोन केला. म्हणाली, "घरात लई गप्प असतोय तो.
खरं, ह्यांच्यासमोर आम्ही दोघंबी गप्पच की."
मी 'कडक'वर खूण केली.
हात हलका झाला. कुणाचं तरी घर सापडलं होतं.

मग खालचा रकाना.

जूनमधली गोष्ट.
शिवलिंग नवा होता, घरी कानडी,
मामाच्या खोलीजवळची शाळा म्हणून मराठीत घातलेला.
उभा राहिला आणि म्हणाला,
"टीचर, माझी वही हरवला."
पंधरा वर्षं व्याकरण शिकवणारी मी
खडू बोटांत फिरवत म्हणाले,
"वही हरवला, की तू हरवलास?"
चांगला विनोद होता, नेमका वेळेवर आलेला.
बेचाळीस पोरं हसली.
तन्मेश सगळ्यांत शेवटी हसला,
आधी माझ्याकडे बघून,
परवानगी घेतल्यासारखा.

घरी मी लेकीला कधी वेडीसुद्धा म्हणत नाही.

दुसऱ्या दिवसापासून हजेरीत त्याचं नाव आलं
की मागून कुणीतरी हळूच: हरवला.
मी पुढचं नाव घ्यायचे.
बाकावर कर्कटकानं कोरलेलं दिसलं तेव्हा
शाईनं पुसून काढा म्हणाले,
शाई खाचेत बसली, अक्षर जास्तच ठळक झालं.

आज शेवटच्या तासाला
माझ्या मोडक्या कानडीत मी वर्गाला सांगितलं,
"नन्न पुस्तक कळदहोदळु."
तोंडात पुस्तक होतं, मनात वही,
म्हणून ती हरवली.
कानडी कळणारी पोरं आधी हसली, मग त्यांचं बघून बाकीची.
हसू दिलं मी. कान तापले खरं.

शिवलिंग हसला नाही.
बाकाच्या त्या खाचेवर बोट ठेवून म्हणाला,
"कळदहोतु, टीचर. होतु.
वस्तू आमच्यात बाई नसतंय, गडी नसतंय.
नुसतं असतंय."

तन्मेशचं हसू अर्ध्यात थांबलं.
आतून थांबलं की माझ्याकडे बघून थांबवलं,
कळलं नाही.

शाळा सुटली. उद्यमबागेकडून भोंगा झाला
तशी गेटापाशी पोचलेल्या तन्मेशची चाल मंदावली,
नाडी सुटली नव्हती तरी तो वाकून
कितीतरी वेळ बूट बांधत बसला.

फॉर्म टेबलावरच आहे.
खालच्या रकान्यात पेन टेकून राहिला होता
तिथं शाईचा एक ठिपका पसरलाय.
खूण म्हणून तो चालणार नाही.